बोस्टनचा शिलेदार

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली बारागजी तोफ बहुतेकांनी पाहिली असेल. लांबी सांगतात २९ फूट. मुले तिच्यावर चढून बसतात, मोठी माणसे नळीवरून हात फिरवतात, आणि उन्हाळ्यात दुपारी हात ठेवला तर असा चटका बसतो की चटकन मागे घ्यावा लागतो. ही तोफ कुठे न्यायची नव्हती. तिने बुरुजावर बसायचे आणि शत्रू टप्प्यात यायची वाट पाहायची, एवढेच तिचे काम. अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या भागातल्या लढाया ज्या तोफांनी लढल्या गेल्या त्या अगदी वेगळ्या होत्या. गाड्यावर चढवलेल्या, बैलांनी ओढायच्या, चिखलातून खांदा लावून काढता येतील अशा. आणि त्या तोफांबरोबर एक वेगळा माणूस आला. तोफा त्याच्या, हत्ती त्याचे, बंदुका त्याच्या, शिपायांना कवायत शिकवणारा तोच. जो दरबार तलब देईल त्याच्यासाठी तो लढे.

अशा माणसांपैकी एक अमेरिकेतून आला होता. त्याचे नाव जॉन पार्कर बॉइड. अमेरिकेच्या लष्करी इतिहासात हा माणूस ठाऊक आहे तो १८१२ ते १८१५ या इंग्रजांशी झालेल्या युद्धातला ब्रिगेडियर जनरल म्हणून, आणि तोही एका पराभवासाठी. त्याच्या उमेदीची वर्षे हैदराबादच्या निजामाच्या आणि पुण्याच्या पेशव्यांच्या चाकरीत गेली ही गोष्ट तिकडच्या पुस्तकांत दोनतीन ओळींत उरकलेली असते. आपल्या पुस्तकांत तर तेवढीही नसते. मला ही दोन्हीकडची उणीव खटकते, म्हणून हे प्रकरण त्याच्याभोवती लिहिले आहे.

बॉइडचा जन्म २१ डिसेंबर १७६४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्ट या बंदरगावचा. वडील स्कॉटलंडहून आलेले. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि संपले तेव्हा अठराचा. म्हणजे त्याचे सारे लहानपण लढाईच्या बातम्यांत गेले आणि हातात तलवार धरायची वेळ आली तेव्हा लढाई संपली होती. १७८६ मध्ये त्याला सैन्यात एन्साइन, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाचा अधिकारी म्हणून जागा मिळाली. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी बंड करून उठले होते. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हा स्वतःच स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. सरकारने युद्धात लढलेल्यांचा पगार थकवला, हाती कागदी हमीपत्रे दिली, ती लोकांनी पोटासाठी कवडीमोलाने विकली, आणि वर सावकार व कर वसूल करणारे दारात उभे. हे वाचताना आपल्याकडच्या कुणालाही ते लोक परके वाटणार नाहीत.

बंड मोडले. त्यानंतर त्या नव्या देशाकडे सैन्य म्हणून उरले ते जेमतेम सातशे माणसांचे. खडे सैन्य ठेवले तर ते उद्या आपल्याच उरावर बसेल, अशी तिथल्या पुढाऱ्यांना धास्ती होती. बढतीची आशा नाही, लढाई नाही, पगाराची शाश्वती नाही. बॉइड चोवीस वर्षांचा होता. त्याच सुमारास न्यूबरीपोर्ट, सेलम, बोस्टन या बंदरांतली जहाजे हिंदुस्थानशी व्यापार करू लागली होती. पहिले अमेरिकी जहाज १७८४ च्या अखेरीस पाँडिचेरीला लागले. बंदरात वाढलेल्या पोराला पुढचे कुणी सांगावे लागले नाही. १७८९ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि मद्रास गाठले.

मद्रासहून शिफारसपत्रे घेऊन तो हैदराबादला आला. तिथे इंग्रजांच्या वकिलाने त्याला निजाम अली खानापुढे उभे केले. हा सगळा प्रसंग त्याने वडिलांना पत्राने कळवला होता. दरबारी शिष्टाचार आटोपल्यावर निजामाने त्याला पाचपाचशे शिपायांच्या दोन तुकड्या दिल्या. मायदेशी ज्याच्या हाताखाली धड एक तुकडी नव्हती, त्याच्या हुकमतीत एका दरबारात हजार माणसे आली. पुढे त्याने स्वतःच्या खर्चाने तीन पलटणी उभ्या केल्या. प्रत्येकीत पाचशेच्या आसपास शिपाई, वरचे अधिकारी बहुतेक युरोपीय. बंदुका, तोफा, हत्ती, सगळा सरंजाम त्याच्या मालकीचा.

हा प्रकार समजायला इंग्रजी शब्दांपेक्षा आपलाच जुना शब्द उपयोगी पडतो. मराठी फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे. बारगीराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन येई, म्हणून त्याला पगार जास्त. पण त्याचा घोडा मेला तर त्याचे भांडवल बुडाले. त्यामुळे शिलेदार घोडा जपून लढतो अशी तक्रार जुन्या काळापासून होती आणि ती रास्तही होती. बॉइड हा पलटणींचा शिलेदार होता. त्याचा घोडा म्हणजे दीड हजार माणसे आणि तोफखाना. एका धन्याशी जमले नाही तर सगळा बाडबिस्तरा बैलांवर, हत्तींवर लादून दुसऱ्याकडे जायला त्याला कुणी अडवू शकत नव्हते. आणि धन्याने तलब थकवली तर शिपाई काही निजामाच्या दारात जात नसत. ते आपल्या साहेबाच्या तंबूपुढे धरणे धरून बसत. त्याला जेवू देत नसत, हलू देत नसत. कवायती फौजेच्या परदेशी सरदारांच्या ऐटीची चित्रे आपण पाहतो, त्या चित्रांत हे धरणे कधी दिसत नाही.

ही कवायती पद्धत बॉइडने आणलेली नव्हे. बुसी या फ्रेंच सरदाराने ती सुमारे चाळीस वर्षे आधी निजामाच्या मुलखात रुजवली होती. त्याच्याच तालमीतला इब्राहीमखान गारदी निजामाकडून निघून मराठ्यांना मिळाला आणि १७६० साली उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाची फौज जेरीस आणली. उदगीर आणि बीदर यांत अंतर ते किती! म्हणजे धनी बदलणारी तोफ या भागाने बॉइडच्या जन्माआधीच पाहिली होती.

बॉइड आला तेव्हा टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र होत होते. या तिसऱ्या म्हैसूर युद्धाकडे अमेरिकेच्या बाजूने पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. इंग्रजांचे तिथले तिन्ही मोठे सेनापती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसने १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शस्त्रे ठेवली होती. त्या दिवशी त्याने प्रकृतीचे कारण सांगून शरणागतीच्या समारंभाला आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला पाठवले होते. मद्रासचा गव्हर्नर विल्यम मेडोज ब्रँडीवाइनच्या लढाईत होता. मुंबईची फौज कुर्गमार्गे आणणारा रॉबर्ट अ‍ॅबरक्रॉम्बी यॉर्कटाउनच्या वेढ्यात होता आणि शरणागतीच्या तीन दिवस आधी वॉशिंग्टनच्या तोफांवर रात्री तुटून पडलेल्या तुकडीचे नेतृत्व त्याने केले होते. एका युद्धात हरलेली माणसे दुसऱ्या खंडात दुसरे युद्ध जिंकायला निघाली होती.

कॉर्नवॉलिसवर यॉर्कटाउनसारखीच पाळी पुन्हा येता येता राहिली, ती मे १७९१ मध्ये. श्रीरंगपट्टण समोर दिसत होते, पण बैल रोगाने पटापट मरत होते, दाणागोटा संपला होता, पाऊस सुरू झाला होता. वेढ्याच्या जड तोफा ओढायला जनावरे नाहीत म्हणून त्याने त्या फोडून टाकायला लावल्या आणि माघार धरली. २६ मे रोजी मेलकोट्याजवळ बगलेवर घोडदळ दिसले. टिपूचेच आले असे समजून इंग्रज गोळीबार करू लागले. ते निघाले मराठे! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज. आपण जवळ आलो असे कळवण्यासाठी त्यांनी धाडलेले जासूद टिपूच्या लोकांनी वाटेतच पकडले होते. उपाशी इंग्रजी फौज मराठ्यांच्या तळावरच्या बाजारात शिरली तर तिथे धान्य होते, मेंढरे होती, काश्मिरी शाली आणि विलायती बनात होती, जवाहीर होते, नाण्यांच्या राशी मांडून सराफ बसले होते. भाव अर्थातच अडलेल्याचे. पण त्या बाजाराने कॉर्नवॉलिसची फौज वाचवली. मराठी फौजेबरोबर चालणाऱ्या बुणग्यांना आपले इतिहासकार पानिपतापासून शिव्या देत आले आहेत. त्यात तथ्य आहेच, पण मेलकोट्याजवळच्या त्या दिवसाचीही नोंद त्याच वहीत व्हायला हवी.

पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणला टिपू नमला. अर्धे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे. मेडोजच्या हातून रात्रीच्या हल्ल्यात चूक झाली होती, त्याची तुकडी अंधारात भलतीकडे गेली. ते त्याच्या मनाला इतके लागले की टिपूची मुले छावणीत येत होती त्याच सुमारास त्याने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. तो वाचला. पण विजयाच्या दिवशी, आपल्याच तंबूत, एका सेनापतीने असे करावे याचा विचार मला नेहमी थांबवतो. सैन्यातल्या अधिकाऱ्याचे आयुष्य पदकांच्या यादीवरून समजत नाही ते असे.

बॉइडकडे परत येऊ. निजामाकडे तेव्हा सर्वांत वजनदार परदेशी सरदार होता तो फ्रेंच रेमों. त्याच्या हाताखाली पुढे चौदा हजारांवर शिपाई झाले. हैदराबादेत मुसारामबाग म्हणतात ते त्याच्या नावावरून, असे तिथले लोक सांगतात, आणि मलकपेठेजवळ टेकडीवर त्याची कबर आजही आहे. फ्रेंचांचा पगडा वाढू नये म्हणून इंग्रज वकिलाला रेमोंच्या तोडीचे कुणी तरी हवेच होते. त्यातून फिंगलस नावाचा आयरिश सरदार आणि अमेरिकन बॉइड यांना भाव आला. एकाच दरबारात फ्रेंच, आयरिश आणि अमेरिकन यांच्या पलटणी, आणि तिघांत लढणारे शिपाई मात्र याच मातीतले.

१७९४ च्या अखेरीस चौथाईच्या थकबाकीवरून निजाम आणि पुणे यांच्यात बिनसले. निजाम अली बीदरला येऊन राहिला होता. तिथून मांजरेच्या काठाकाठाने त्याची लाखाच्या घरातली फौज पश्चिमेकडे सरकू लागली. बीदरच्या भोवतालच्या गावांनी त्या हिवाळ्यात काय सोसले असेल याची कल्पना करा. एक लाख माणसे, त्याहून जास्त जनावरे, आणि वैरण लागते ती रोज. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला गाठ पडली. मराठ्यांचे नेतृत्व परशुरामभाऊंकडे होते. दिवसा रेमोंचे पायदळ नेटाने उभे राहिले, पण निजामाचे घोडदळ पांगले आणि रात्री घबराट झाली. पाणी शोधत आलेल्या थोड्याशा मराठी स्वारांशी उडालेल्या गोळीबाराचे निमित्त झाले, आणि अंधारात सगळी छावणी उधळली. निजाम खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात कोंडला गेला. दौलताबादचा किल्ला, मुलूख, तीन कोटींवर रक्कम आणि आपला दिवाण मुशीरुल्मुल्क एवढे देऊन तो सुटला. खुद्द लढाईत माणसे फार मेली नाहीत. मराठ्यांची आणि निजामाची ही शेवटची मोठी लढाई.

त्याच वर्षी जून महिन्यात निजामाचा मुलगा अलीजाह बंड करून पळाला आणि त्याने बीदरचा किल्ला घेतला. त्याच्यामागे रेमोंला पाठवण्यात आले. अलीजाह औरंगाबादेकडे पळाला, पकडला गेला आणि परत नेताना त्याने विष घेतले. बापलेकांच्या या भांडणात जमाखर्चाची मोठी बाजू होती ती अशीच भाड्याच्या पलटणींची.

त्या सुमारास बॉइडच्या हाताखाली सुमारे १८०० शिपाई होते. निजामाशी त्याचे बिनसले आणि १७९६ मध्ये तो आपला सगळा सरंजाम घेऊन पुण्याला आला. ज्यांच्याशी कालपर्यंत वैर त्यांच्याच चाकरीत! त्याला यात गैर वाटले नाही, पुण्यालाही वाटले नाही. पुण्यात तेव्हा काय चालले होते ते मराठी वाचकाला सांगायला नको. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले होते. गादीसाठी वर्षभर खलबते चालली होती, नाना फडणवीस महाडला जाऊन बसले होते, आणि डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला. या घालमेलीत पेशव्यांच्या पदरच्या कवायती पलटणी बॉइडकडे होत्या, आणि नानांना पुन्हा कारभारावर आणणाऱ्या बाजूला त्या होत्या. इतिहासकार ग्रँट डफने त्याचे नाव घेतले आहे. तुकोजी होळकरांच्याही चाकरीत तो काही काळ होता. त्याच काळात विल्यम टोन हा आयरिश अधिकारीही पुण्यात होता. आयर्लंडचा क्रांतिकारक वुल्फ टोन याचा हा भाऊ. त्याने मराठ्यांच्या रीतिरिवाजांवर लिहून ठेवले. बॉइडने तसे काही लिहिले नाही याची हळहळ वाटते. ज्याने निजामाचा तळ आणि पेशव्यांचा तळ दोन्ही आतून पाहिले अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.

मग त्याने दुकान आवरले. हत्ती, तोफा, बंदुका, सगळा सरंजाम फिलोस नावाच्या इटालियन सरदाराला विकून तो परत फिरला. त्या विक्रीत शिपायांचे काय झाले? पलटण उभीच राहिली, मालक बदलला. ज्या हवालदाराने काल 'बॉइडसाहेबा'ला सलाम केला त्याने दुसऱ्या दिवशी फिलोसला केला.

अमेरिकेत ऑक्टोबर १८०८ मध्ये बॉइड पुन्हा सैन्यात आला, आता चौथ्या पायदळ रेजिमेंटचा कर्नल म्हणून. १८११ मध्ये रेजिमेंट घेऊन तो पश्चिमेच्या सरहद्दीवर गेला. तिथे शॉनी जमातीचा टेकुम्से अनेक आदिवासी जमातींची एकजूट करत होता. ७ नोव्हेंबरला पहाटेच्या अंधारात टिपेकनूच्या काठी त्याच्या भावाच्या माणसांनी अमेरिकी तळावर हल्ला चढवला. सेनापती हॅरिसनच्या फौजेतले ६२ जण त्यात दगावले, पण तळ टिकला. हॅरिसन या लढाईच्या पुण्याईवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. बॉइडला पुढच्या वर्षी ब्रिगेडियर जनरल केले.

मे १८१३ मध्ये नायगारा नदीच्या मुखाशी फोर्ट जॉर्ज घेतला गेला त्यात त्याची ब्रिगेड होती. आणि मग ११ नोव्हेंबर १८१३. सेंट लॉरेन्स नदीने माँट्रिऑलवर निघालेल्या फौजेचा मुख्य सेनापती विल्किन्सन नावेत आजारी पडून होता. किनाऱ्यावर क्राइस्लर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात मागून आलेल्या इंग्रजांना हाकलायचे काम बॉइडवर आले. समोर नऊशेच्या आसपास माणसे, त्याच्याकडे त्यांच्या दुपटीहून जास्त. नांगरलेले रान, ओढे, चिखल. त्याने तुकड्या एकदम न घालता एकामागून एक घातल्या, आणि प्रत्येक तुकडी त्या शिस्तबद्ध रांगेवर आपटून मागे आली. माँट्रिऑलचा बेत सोडावा लागला. त्यानंतर मोठे काम त्याला मिळाले नाही आणि जून १८१५ मध्ये त्याला सैन्यातून मोकळे करण्यात आले.

त्याच्याबद्दल तिकडच्या समकालीनांनी फार कडवट लिहिले आहे. गर्विष्ठ, अडाणी, हेकट, असे सारे काही. मला वाटते, त्यातले काही खरे असेल. पण निजामाच्या आणि पुण्याच्या दरबारात सात-आठ वर्षे पलटण टिकवून धरणे हे अडाणी माणसाचे काम नव्हे. तिथे कसब लागे ते वेगळे. शिपायाची तलब वेळेवर कशी काढायची, कुठल्या सरदाराशी किती सलगी ठेवायची, तोफखान्याची नासधूस होऊ न देता लढाई कशी निभावायची. क्राइस्लरच्या रानात सगळी फौज एका घावात पणाला लावायची वेळ होती, आणि शिलेदाराची सवय तुकडी तुकडी राखून खर्च करण्याची. हा माझा तर्क आहे, पण त्याची दोन आयुष्ये शेजारी ठेवून वाचली की तो मनातून जात नाही.

१८१६ मध्ये त्याने आपली बाजू मांडणारे एक पुस्तक छापले. १८३० मध्ये बोस्टन बंदराच्या जकात खात्यात त्याला अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो तिथेच वारला.

कॉर्नवॉलिसचे आयुष्य आणि बॉइडचे आयुष्य लिहायला कागद आहेत. त्या १८०० शिपायांचे नाहीत. त्यात कुणी बीदरचा, कुणी गुलबर्ग्याचा, कुणी उदगीरचा असेल. पण पलटणींच्या हजेऱ्या, तलबेचे हिशेब, रजेच्या चिठ्ठ्या मोडीत आणि फारसीत लिहिल्या जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि हैदराबादच्या तारनाक्यातल्या अभिलेखागारात असे कागद आहेत, आणि आपल्या भागातल्या देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जहागीरदार घराण्यांच्या माळ्यांवरही रुमालात बांधलेले कागद अजून असतात. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली ते कुजतात, वाळवी लागते, वाटण्या झाल्या की रद्दीत जातात. तुमच्या घरी असा एखादा रुमाल असेल तर तो उघडा, मोडी वाचणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा, आणि मूळ कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जपायला द्या. निदान त्याचे फोटो तरी या आठवड्यात काढून ठेवा.